संरक्षित बंगल्याचा राखणदार

“राज्यं येतील आणि राज्यं जातील, पण हा बंगला सूर्यचंद्र असेतो उभा राहील,” असं ओव्हरसियर गंगाधरपंतांनी पोर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं आणि सरकारी बोर्ड टांगण्यासाठी भिंतीत खिळा ठोकायला घेतला. खिळा वाकला. दुसराही वाकला. तिसऱ्या वेळी हातोडा अंगठ्यावर बसला, आणि पंतांनी सूर्यचंद्रांना सोडून भलत्याच कुणाकुणाची नावं घेतली.

मग छिन्नीनं भोक पाडावं असं ठरलं. पण त्याआधी बोर्डावर काय लिहिलंय ते पंतांनी वाचून पाहिलं. सरकारनं संरक्षित केलेल्या या इमारतीला भोक पाडणं, ओरखडा काढणं, तिची मोडतोड करणं हा शिक्षेला पात्र गुन्हा आहे, असं त्यावर लिहिलं होतं. बोर्ड लावायचा तर बोर्डाचाच गुन्हा होत होता. पंतांनी अंगठा चोखत थोडा विचार केला आणि बोर्ड राखणदार गुंडाच्या हातात दिला. कुणी साहेब आला की तो धरून पोर्चमध्ये उभं राहायचं.

“आनि सायेब नसला की?”

“खाली ठेव. भिंतीला टेकवू नकोस, ओरखडा पडेल.”

बंगला पाचगणीच्या घाटाच्या तोंडाशी होता. कंपनीच्या अमदानीत कुणा कर्नलानं तो काळ्या दगडात बांधून घेतला होता. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो म्हणून त्या बाजूची भिंत दुहेरी, आणि तिला एकही खिडकी नाही. कमानी चर्चसारख्या टोकदार. छपराचं पाणी दगडी सिंहांच्या तोंडातून खाली पडायचं, त्यामुळे पावसाळाभर सिंहांना ओकाऱ्या लागल्यासारखं दिसे. पुढचं दार सागवानी, वरपासून खालपर्यंत द्राक्षाच्या वेली कोरलेलं. आतलं सामान सरकारनं केव्हाच साताऱ्याला हलवलं होतं. तेव्हा गुंडा राखत होता तो निव्वळ दगड आणि दार.

गुंडा मेढ्याकडचा. पहिल्या लढाईत बसऱ्याला पलटणीची ओझी वाहून आला होता. बायको बनुबाई गावी नाचणी पिकवायची. थोरला मानसिंग पुण्याला कारखान्यात होता. निदान आईला त्यानं तसं सांगितलं होतं.

साल त्रेचाळीस. त्या साली जिल्ह्यात सरकारी म्हणून जे जे उभं होतं ते जळत होतं. चावड्या जळाल्या, टपालपेट्या जळाल्या, डाकबंगले जळाले. वाईच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, या बंगल्याचाही नंबर लागला.

तोंडाला टॉवेल बांधलेले पाच-सहा जण आले. पुढाऱ्याकडे ठासणीची बंदूक, बाकीच्यांकडे कुऱ्हाडी आणि रॉकेलचा डबा. एकानं द्राक्षवेलींवर कुऱ्हाड उगारली तसा गुंडा धावला.

“दार फोडू नगा,” तो म्हणाला. “किल्ली हाय माझ्यापाशी.”

त्यानं कुलूप काढलं, दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. इतक्या अदबीनं या मंडळींचं कुठल्याच सरकारी इमारतीत स्वागत झालं नसावं. क्षणभर तीही अवघडली, आणि पायपुसणं कुठं दिसतंय का म्हणून एकानं खाली पाहिलं.

रॉकेल त्या काळी रेशनवर. कुणाकुणाच्या घरचे दिवे आठवडाभर विझवून जमवलेलं ते रॉकेल त्यांनी दिवाणखान्यात ओतलं आणि काडी लावली. ज्वाळा फरशीवरून धावली, भिंतीला पुरुषभर उंच चाटून आली, तिथं खायला काही नाही असं पाहून विझली. छपराची लाकडं होती, पण ती उंच अंधारात, शिडीच्याही वर. मंडळी खोकत बाहेर आली.

“दगुड पेटंना, दादासो,” एक जण पुढाऱ्याला म्हणाला.

दादासोचे डोळे धुरानं लाल झाले होते. बंगल्याला काही होत नाही म्हटल्यावर त्याला समोर गुंडा दिसला. गुंडाला होत होतं. बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला आणि त्याचे पुढचे दात रक्तासकट फरशीवर पडले. मग सरकारच्या कुत्र्याला पुन्हा सरकारच्या दारात धावता येऊ नये अशी शिक्षा ठरली. त्याला व्हरांड्यात उताणा पाडून पाय काठीला बांधले आणि तळवे वर धरले.

दादासोनं वेताचा सोटा मागं उभ्या असलेल्या गड्याच्या हातात दिला. “तुझा हात आजून कोरा हाय. धर.”

तो गडी एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवर घासत उभा होता. गुंडानं ती नडगी पाहिली, ती टाच पाहिली. चालायला शिकल्यापासून मानसिंग असाच उभा राहायचा.

पहिला सोटा गादी झटकावी तसा बसला. दुसराही तसाच. दादासोनं बंदूक या हातातून त्या हातात घेतली.

“वळखीचा हाय का रं तुझ्या?”

टॉवेल नुसताच हलला. हा राखणदाराचा पोरगा, हे दादासोला कळलं तर ती बंदूक कुठं वळेल हे तिथं पडलेल्या माणसाला दिसत होतं. गुंडानं रक्ताची गुळणी थुंकली.

“आवं दादा, ह्यो कुठला गडी धरून आनलाय? ढेकूण मारतोय का मानूस? आईनं दूध पाजलं न्हाई वाटतं ह्येला.”

मग सोटे बसायला लागले. कातडं फुटलं, टाचेखालचं हाड करकरलं, रक्त पोटऱ्यांवरून गुडघ्यांकडे ओघळलं. मुलगा आयुष्यात पहिल्यांदा बापाचं ऐकत होता. टॉवेलच्या वरचे डोळे गुंडानं पाहिले नाहीत. तो छपराकडं बघत राहिला.

घाटाच्या रस्त्यावर मोटारीची धूळ दिसली तशी मंडळी रानात पांगली. धूर पाहून पोलीस आले होते. फौजदारांनी प्रथम दार पाहिलं. कुलूप शाबूत, किल्ली कुलपात.

“किल्ली कोणी दिली?”

“म्या,” गुंडा म्हणाला.

इतका सरळ कबुलीजबाब फौजदारांना नोकरीत मिळाला नव्हता. त्यांनी शिपायांना खूण केली. पायांची दोरी सोडलेली नव्हती, तेवढा सरकारचा वेळ वाचला. त्याच तळव्यांवर आता सरकारी वेत पडू लागला. एका शिपायानं रायफलीचा दस्ता गुडघ्यावर घातला. नावं सांग, एक जरी सांगितलंस तरी थांबतो, असं फौजदार प्रत्येक फटक्यागणिक सांगत होते. मार खाताना माणूस आपल्या माणसाला हाक मारतो. गुंडा कधीच्या काळी वारलेल्या आईला हाक मारत राहिला. तिला पकडायला फौजदार जाऊ शकत नव्हते.

तेवढ्यात सायकलवरून गंगाधरपंत पोचले. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, कमानी पाहिल्या, मग व्हरांड्यात वाकून एका फरशीचा कोपरा चाचपला. दस्ता हुकून तिथं टवका उडाला होता.

“फौजदारसाहेब, मारायचं तर अंगणात मारा,” ते म्हणाले. “ही फरशी आता मिळत नाही.”

दोघा शिपायांनी गुंडाला काखेत धरून अंगणात ओढत नेलं आणि उरलेला मार तिथं झाला. मग पंतांना किल्लीचं कळलं. त्यांनी बोर्ड आणून फौजदारांपुढे धरला आणि मोडतोडीचं कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. दार फुटू दिलं असतं तर मीच याला बडतर्फ केलं असतं, असंही सांगितलं. फौजदारांनी बोर्डाकडं पाहिलं, पंतांकडं पाहिलं. एवढ्या मूर्खपणात कट असणं शक्य नाही अशी त्यांची खात्री पटली असावी. शिपायांनी गुंडाला त्याच्या खोलीतल्या खाटेवर टाकलं आणि मोटार निघून गेली.

पंत खाटेशेजारी आले.

“खरंच कुणाला ओळखलं नाहीस?”

“न्हाई.” गुंडानं बाहीनं तोंडावरचं रक्त पुसलं. “एकाचा हात पैल्यांदा बसत नव्हता. मंग बसला.”

पंतांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांचा ऊर भरून आला होता. ते म्हणाले, दार वाचलं, कमानी वाचल्या, पुढच्या पिढ्या हा बंगला बघतील तेव्हा त्यांना ठाऊकही नसेल की कुणा एका गुंडानं तो राखला. आपण स्वतः कलेक्टरांच्या कानावर घालू. सरकार अशी निष्ठा विसरत नाही. “माग, गुंडा. काय हवं ते माग. संकोच करू नकोस.”

शिपायांनी त्याला अर्धाच टाकला होता. धड खाटेवर होतं, पाय खाली लोंबत होते. गुंडानं मान उचलून त्या पायांकडं पाहिलं. दुसऱ्याच कुणाचे तरी इथं विसरून राहिल्यासारखे ते दिसत होते.

“तेवढं पाय उचलून वर ठिवता का, पंत?” तो म्हणाला. “जरा दमानं.”