एकशे अडतीस रद्द फॉर्म

आमच्या मालकांना विद्यार्थ्यांसाठी मासिक काढायचं होतं. तीस वर्षं गाईडं छापून झाल्यावर त्यांना एकदम तरुण पिढीशी बोलावंसं वाटू लागलं. "बाई, आधी बाजार बघा. मुलं घेणार असतील तरच काढू," ते म्हणाले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी विक्री विभागात आहे. लोक काय विकत घेतील ते मला लोकांच्या आधी कळतं, अशी माझी ख्याती आहे. ती पसरवण्यात माझाही थोडा हात आहे.

मी एका पानाचा फॉर्म तयार केला. समोरच्या बाजूला बारा प्रश्न, मागची बाजू कोरी. पहिला प्रश्न असा, की मासिक निघालं तर तुम्ही घ्याल का. नाव लिहायचं नव्हतं. सात कॉलेजांतून नऊशे चाळीस फॉर्म भरून आले. नियम दोनच होते, दोन्ही माझेच. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तो फॉर्म रद्द. आणि घरच्या माणसाला विचारायचं नाही, कारण घरचे मन राखायला हो म्हणतात.

घरी माझ्याकडे माझी भाची असते. बहिणीने तिला शिकायला माझ्याकडे पाठवली तेव्हा म्हणाली होती, "तुझ्यावर सोपवतेय, आता मला काळजी नाही." तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणापासून आवाज न करता इकडून तिकडे जाणारी. सायन्सला घालायचं मी ठरवलं. तिला विचारलं होतं का, असं कुणी म्हणेल तर विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.

तिचं कॉलेज त्या सातांपैकी एक होतं. मी तिला बजावून ठेवलं, "तुझ्या हातात फॉर्म आला तर भरू नकोस हं, बाद करावा लागेल. प्रत्येक फॉर्म मी स्वतः वाचते." हे शेवटचं वाक्य मी घरात, ऑफिसात, शेजारीपाजारी इतक्या वेळा म्हटलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

महिनाभर जेवणाच्या टेबलावर फॉर्मांचे गठ्ठे होते. मुंगी कोपऱ्यात ताट घेऊन बसायची. मी विचारायचे, "जेवलीस का? कॉलेज कसं चाललंय?" ती म्हणायची, बरं चाललंय. मी पुढचा फॉर्म उचलायचे. एकशे अडतीस रद्द निघाले. प्रत्येकावर मी लाल पेन्सिलीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. उरलेल्या आठशे दोनांत एकाहत्तर टक्के मुलांनी हो म्हटलं होतं. मालक इतके खूश झाले की त्यांनी मासिकाचं नाव शोधायला घेतलं.

आमच्याकडे एका बाजूने कोरा कागद फुकट जात नाही. रद्द फॉर्म कटिंगच्या मशीनवर गेले, प्रत्येकाचे चार आडवे तुकडे झाले, त्यांना एका बाजूने गोंद लावून कच्च्या कामाचे पॅड तयार झाले आणि टेबलाटेबलावर वाटले गेले. एक मलाही मिळालं.

बुधवारी दुपारी फोनवर कुणाचा तरी पत्ता लिहून घ्यायला मी पॅडचं पान उलटलं. पुढचं पान कोरं नव्हतं. निळ्या शाईत बारीक, सरळ अक्षर होतं. "मावशी, तू म्हणतेस प्रत्येक फॉर्म तू वाचतेस, म्हणून इथे लिहिते. समोर सांगायला"

तिथे कागद कापलेला होता. मी तो उलटा केला. माझ्याच लाल फुलीची दोन टोकं त्यावर होती. प्रश्नांपुढे उत्तरं नव्हती, शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मागे पाहा".

पलीकडचा माणूस फोनवर हॅलो हॅलो करत राहिला.

मी आधी कटिंगवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "बऱ्याच कागदांवर मागे लिहिलेलं होतं बाई. मला वाटलं, तुम्ही वाचूनच पाठवलेत." मग मी टेबलाटेबलावर जाऊन पॅड मागू लागले. एरवी मी कुणाकडे टाचणीसुद्धा मागत नाही. हिशेबनिसांच्या पॅडमध्ये एक तुकडा मिळाला. "जमत नाही. दोन महिने वर्गात गेले नाही. डबा घेऊन निघते आणि वाचनालयात बसते. पहिल्या चाचणीत चार मार्क होते. तुझी निवड चुकली असं तुला" आणि पुढे कापलेलं. पॅकिंगच्या खोलीत आणखी एक होता. त्यावर कुणीतरी खोक्यांची मापं लिहिली होती, पण खालचं वाचता येत होतं. "वाटायला नको होतं. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख येत्या शनिवारी आहे. त्याआधी तू"

चौथा तुकडा सापडला नाही. कचऱ्याची टोपलीसुद्धा मी पालथी घातली. मालक दारात येऊन म्हणाले, "बाई, काही महत्त्वाचं हरवलंय का?" मी हो म्हटलं. तिच्या कॉलेजचा गठ्ठा आला त्या तारखेवरून मोजलं, तर तो शनिवार होऊन अकरा दिवस झाले होते. त्या शनिवारी मी काय करत होते ते मला स्वच्छ आठवलं. टक्केवारी काढत होते. ती दोनदा टेबलापाशी येऊन उभी राहिली होती आणि दोन्ही वेळा मी म्हणाले होते, "गठ्ठा हलवू नकोस गं."

संध्याकाळी घरी गेले तेव्हा मुंगी धुतलेला डबा पालथा घालत होती. मी तिन्ही तुकडे टेबलावर ओळीने ठेवले. ती हात पुसून आली, उभ्याउभ्याच त्यांच्याकडे बघत राहिली.

"चौथा?" तिने विचारलं.

"मिळाला नाही. कुणीतरी वापरून फाडून टाकला असेल. त्यात काय होतं?"

"त्याआधी तू मला विचारलंस तर सगळं सांगेन आणि तू म्हणशील तसं करेन, असं होतं."

"आणि नाही विचारलं तर?"

"ते नव्हतं लिहिलं," ती म्हणाली. "तू वाचणारच असं मी धरलं होतं."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं, त्यात मी तयार आहे. आठशे दोन अनोळखी मुलांना काय हवंय हे मी डोळ्यांत तेल घालून मोजलं होतं. आणि ज्या एका मुलीने मला मावशी म्हणून लिहिलं, तिचा कागद मी माझ्या हाताने रद्द केला होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "फॉर्म वाचले नाहीत सगळे. वाचते असं नुसतं सांगत होते."

"वर्ष गेलं, मावशी."

"गेलं."

"आईला काय सांगायचं?"

"ते मी सांगेन. माझ्यामुळे गेलं असंच सांगेन." मी समोरची खुर्ची ओढली. "तू आधी बस. मला सांग, काय झालं कॉलेजात?"

ती बसली. माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. मी पेन्सिल उचलून खणात टाकली आणि खण लावून घेतला. बाहेर अंधार पडत आला तरी आम्ही दोघी दिवा न लावता बसून होतो. मी पुन्हा विचारलं नाही. जेवलीस का, असंही विचारलं नाही.

"मला सायन्स नको होतं," शेवटी ती म्हणाली. "तू विचारलंस तेव्हा तुझं मन राखायला हो म्हटलं होतं."