आपल्या कुळातली

आउनेनं दगडावर खडूनं लिहिलेलं आडनाव तळव्यानं पुसून टाकलं. हात पांढरा झाला, तो तिनं कोटालाच पुसला.

"आजी, अहो, कागदोपत्री 'तामेला'च आहे," पेन्टी पाथरवट कळवळून म्हणाला. तिसऱ्यांदा लिहिलं होतं बिचाऱ्यानं.

"कागदाला काय कळतंय?"

दगड तिच्या नवऱ्याच्या, एइनोच्या, थडग्याचा. त्याच्या नावाखाली बायकोचंही आताच कोरून घ्यायचं, मरणाचं साल तेवढं मोकळं ठेवायचं, ही इसाल्मी गावाकडची रीत. बाईच्या नावापुढे 'ओ. एस.' ही दोन अक्षरं येतात: ओमा सुकुआ, म्हणजे आपल्या कुळातली. त्यांच्यापुढे लग्नाआधीचं आडनाव. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आउनेला तिथं 'बोग्दानॉफ' हवं होतं.

"आता ही बोग्दानॉफ कोण आणखी?" तिच्या मुलीनं, मार्युतनं, विचारलं.

"मी. नऊ वर्षांची होईपर्यंत." आउने शांतपणे बाकावर टेकली. "युद्धात आमचं कारेलिया रशियाकडं गेलं नि आम्ही इकडं आलो. आडनावातल्या 'ऑफ'मुळं शाळेत पोरं 'रशियन, रशियन' करत मागं लागायची. मग बापानं आडनाव बदलायचा अर्ज केला, आणि इकडच्या नावांच्या सरकारी यादीतलं एक उचललं. आपल्या कुळातली म्हणे! त्या तामेलांच्या कुळातलं चिटपाखरूसुद्धा मी पाहिलेलं नाही."

"बाबांना ठाऊक होतं?"

"लग्नाआधीच सांगितलं. म्हणाला, मला बटाटे लावायचेत, आडनावं नाहीत. फक्त माझ्या आईला सांगू नकोस. नाही सांगितलं."

"आणि आता सगळ्या गावाला सांगायचं? लोक काय म्हणतील, आई?"

"म्हणू देत की. मी आज ना उद्या मातीखाली. उत्तरं तू द्यायचीस."

पेन्टीला हसू आवरेना. कॉफी आणतो म्हणून तो आत सटकला.

मार्युत उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तिला स्वयंपाकघरातलं ते टेबल आठवलं. ती दहा वर्षांची होती. वर्गात ऑफ लागणाऱ्या आडनावाची एक मुलगी आली होती. तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही, आणि नाक दाबून तिच्यापुढून पळण्यात मार्युत सगळ्यांच्या पुढे. ती गंमत तिनं घरी येऊन खिदळत सांगितली होती. आई तेव्हा भाताचं सारण भरून कारेलियन करंज्या करत होती. एकाच करंजीची कड ती कितीतरी वेळ चिमटत राहिली.

मार्युतला पन्नास वर्षांनी स्वतःची लाज वाटली.

"तेव्हा मला एक थोबाडीत का नाही मारलीस?"

कधी, असं आउनेनं विचारलं नाही.

"तू लहान होतीस," ती म्हणाली. "आणि मी भित्री होते. आता नाही."

पेन्टी कॉफी घेऊन बाहेर आला, तेव्हा मार्युत दगडापुढे गुडघे टेकून बसली होती. खडू तिच्या हातात होता. 'ओ. एस.'च्या पुढे तिनं दगडाच्या कडेपर्यंत नाव लिहिलं होतं.

"एवढंच मोठं कोरा," ती म्हणाली. "रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."

आउनेनं चष्मा नाकावर सरकवून पाहिलं.

"एवढं कशाला?" ती म्हणाली. "एइनोच्या नावाएवढं कर. त्याच्यापेक्षा लहान मात्र नको."