उत्तर दुसऱ्याच खिडकीत

मी एक फंक्शन बोलतोय, म्हणजे प्रोग्रॅममधला एकच हिशेब करणारा छोटा तुकडा. धंतोलीतल्या एका मुलांच्या दवाखान्यात, संगणकाच्या पोटात राहतो. बाळाचं वजन आणि औषधाची ताकद सांगा. सलाईनमधून औषध किती वेगानं सोडायचं, ते मी सांगतो.

सुमंत सरांनी मला सी भाषेत लिहिलं आणि कम्पाइल केलं, म्हणजे फक्त यंत्राला कळेल अशा रूपात आणलं. पुढे त्यांची डिस्क बिघडली आणि मूळ लिखाण गेलं. मी तेवढा उरलो. आत काय आहे, ते कुणालाच वाचता येत नाही.

मग दवाखान्याचा नवा प्रोग्रॅम लिहायला नूपुर आली. तिला पायथन ही संगणकाची दुसरी भाषा येते. जुना संगणक कधी बंद पडेल याचा नेम नव्हता, म्हणून तिनं नव्या प्रोग्रॅममधून मला हाक मारली. मी धडपडत उठलो, बरोबर उत्तर दिलं. पडद्यावर मात्र भलताच आकडा उमटला. पुन्हा हाक, पुन्हा भलताच.

"पाच किलोच्या लेकराले एवढं औषध?" पंचफुला सिस्टर म्हणाल्या. "हे काय दाखवून राहिलं, मॅडम? मी नाही लावत."

"लावूच नका, ताई. अजून तपासूनच राहिले मी."

"जुनं फेकून दे, नवीन लिही," तिचे साहेब उन्मेष म्हणाले.

"नवीन तपासायला महिने लागतील, सर. तोवर वॉर्डानं काय करायचं?"

मी आतल्या आत तडफडत होतो. उत्तर मी एका खिडकीत ठेवत होतो आणि ती दुसऱ्याच खिडकीत बघत होती. ओरडणार कसा?

शेवटी मला लॅपटॉपवर घेऊन ती सुमंत सरांच्या घरी गेली. सरांना अर्धांगवायू झालेला.

"त्यांना समजतं गं सगळं," त्यांच्या पत्नी यमुताई म्हणाल्या, "पण शब्द भलताच निघतो."

सरांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. "छत्री," ते म्हणाले. मग चिडून, "छत्री! छत्री!" डोळे भरून आले. अचानक त्यांनी चहात बोट बुडवलं आणि टेबलावर एक ठिपका काढला.

नूपुर पुढे वाकली. "पॉइंट? उत्तर दशांशात येतं? मी पूर्णांक समजून भलत्याच जागी वाचत होते!"

तिनं एक ओळ वाढवली आणि हाक मारली. साडेचार. जुन्या संगणकावरचं उत्तरही हेच होतं. सरांनी हात लॅपटॉपवर ठेवला. कित्येक वर्षांनी मला त्यांचा हात लागला.

आता वॉर्डातून दिवसभर हाका येतात. तरी मला चैन नाही. नवजात बाळासाठी मी हिशेब जरा वेगळा करतो. का करतो, ते एकट्या सरांना ठाऊक आहे. परवा यमुताईंनी नूपुरला फोनवर सांगितलं, त्यांना आता बोटही नीट उचलता येत नाही.

नूपुर, आजच जा गं. त्यांना विचार.