खरेपणाचं ओझं घोडीवरच

कळ दाबायच्या आधी जरा खाली बघा. मी घोडी बोलतेय. संगणकाच्या खेळात, पडद्यावरच्या त्या टोपीवाल्या बाबाच्या टाचेखाली जी दिवसभर धावते ना, तीच. धावता धावता बोलायची सोय माझ्यात कुणी ठेवली नाही, म्हणून आजवर गप्प होते. आता पाठीवर कुणी नाही, पुढे कुठे जायचं नाही आणि राग तर पोटात मावत नाही. तेव्हा ऐका.

माझा जन्म कुठल्या तबेल्यात झाला नाही. समुद्रापलीकडे एका मोठ्या इमारतीत शेकडो माणसांनी मिळून मला घडवलं. एका बाईने माझ्या पापण्या काढल्या आणि त्या वाऱ्यावर हलतात की नाही हे पाहायला डोळ्यांत तेल घालून बसली. माझी खिंकाळी कुठल्याशा खऱ्या घोड्याकडून उतरवून घेतली. त्याला विचारलं होतं की नाही, देव जाणे. आणि किती उंचावरून पडल्यावर माझा पाय मोडावा, पाय मोडल्यावर मी कशी विव्हळावी, हे एका गृहस्थाने ठरवलं. त्याच्या हातात तेव्हा अर्धवट खाल्लेलं सँडविच होतं. मागवून घेतलेलं, बरं का. त्याला स्वतःला भूक लागलेली सहन होत नव्हती.

कोरियात म्हणतात, माणूस जन्मला तर सोल शहरात पाठवा, घोडा जन्मला तर जेजूला. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं झालं. जेजू बेटावरच्या सेह्वा गावात को मालसून बाईंचं पीसी-बांग आहे. तिथे तासाच्या हिशेबाने संगणक मिळतो, मऊ खुर्ची मिळते आणि नूडल्सचा वाफाळता वाडगा थेट हातात येतो. त्या दुकानातल्या खिडकीजवळच्या यंत्रात मी येऊन पडले. मालसून बाईंना सगळे सामचुन म्हणतात. गावात बाई असो की बाप्या, वडीलधारं माणूस म्हटलं की सामचुन.

मला हाकणारा माणूस म्हणजे यांग गिल्हो. डोंगराच्या उतारावर एक कुरण आहे. तिथे पर्यटक येतात, घोड्यावर बसून एक फेरी मारतात, फोटो काढतात आणि जातात. त्या घोड्यांचा लगाम धरून पुढे चालणं हे गिल्होचं काम. काम संपलं की हा गृहस्थ इथे येणार, खुर्चीत बसणार आणि काय करणार? मला खरारा.

त्याचा शाळेपासूनचा मित्र सोकचान त्याला सोडायचा नाही. "दिवसभर घोडी घासतोस, आणि संध्याकाळी पदरचे पैसे देऊन पुन्हा घोडीच घासतोस? गड्या, तुझ्या डोक्यालाच कुणीतरी खरारा केला पाहिजे."

गिल्हो नुसता हसायचा. त्याने माझं नाव बोरी ठेवलं होतं. त्यांच्या भाषेत बोरी म्हणजे सातू. कुरणावर त्याची एक लाडकी घोडी आहे, सातूच्या कणसाच्या रंगाची, तिचंही नाव बोरी. तिच्यावरूनच माझं ठेवलं. मला आधी त्याचा मोठा अभिमान वाटला होता. कशाचा, ते आता आठवलं तरी कान तापतात.

सोकचान जनावरं वाहायची गाडी चालवतो. डुकरं, गाई, म्हातारे घोडे, जे येईल ते. हा गडी खरेपणाचा मोठा कैवारी. मागे उभा राहून नूडल्स ओढत ओढत तो बोलायचा, आणि बाजूच्या खुर्चीवरून त्याला उत्तर द्यायची दामी. तिचं समोरच केस कापायचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ती इथे.

"हा खेळ भारी का आहे सांगू?" सोकचान म्हणायचा. "सगळं खरंखुरं आहे. घोडीला भूक लागते, ती दमते, चिखलाने माखते. पण एक चुकलंच. मेली तरी मागचा जपून ठेवलेला खेळ उघडला की परत उभी! ते बंद केलं पाहिजे. मेली म्हणजे मेली."

"आणि मग काय, रडत बसायचं?" दामी म्हणायची. "खेळ आहे हा, दादा. एक खण उघडायला हा बाबा एवढा वेळ लावतो की तेवढ्यात माझे एकीचे केस कापून होतील. खरेपणा, खरेपणा! घरी आईने खण उघडायला सांगितला तर उठतोस का?"

"मजा आयती मिळाली तर ती मजा कसली?"

"मग तुझी गाडी ढकलत ने ना किनाऱ्यापर्यंत. जास्त मजा येईल."

मी सगळं ऐकत होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती. कारण या दोघांच्या वादात एक साधी गोष्ट कुणालाच दिसत नव्हती. खरेपणा कुणाच्या वाट्याला आला होता? माझ्या! माझ्या पाठीवरच्या बाबाला छातीत गोळी लागते, तो डबाबंद राजमा खातो आणि टुणकन उठतो. त्याच्या पाच बंदुका माझ्या खोगिरात राहतात आणि पाचही त्याच्या हातात जादूसारख्या येतात. एवढं मोठं अस्वल मारून माझ्या पाठीवर टाकतो. त्याच्या अंगरख्याला वास लागत नाही, पण माझ्याभोवती मात्र माश्या घोंघावतात. त्याला सवलत आणि मला शिस्त. याला खरेपणा म्हणतात होय? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय जातंय!

आणि मागचं उघडलं की मला काही आठवत नाही असं समजू नका. मला सगळं आठवतं. नदीत बुडाले ते आठवतं, आगगाडीखाली आले ते आठवतं, केवळ गंमत म्हणून डायनामाइटशेजारी बांधली होती तेही आठवतं. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो. माझा तर इतक्यांदा गेलाय की मीच मोजायचं सोडून दिलं.

तरी गिल्होवर माझा राग नव्हता. निदान त्या शुक्रवारपर्यंत तरी नव्हता.

त्या शुक्रवारी सोकचान आला आणि वाडग्याचं झाकण काढता काढता म्हणाला, "सोमवारी तुमच्या कुरणावर यायचंय गाडी घेऊन. ती लंगडणारी घोडी न्यायचीय. मालकाचा फोन होता. तुला माहीत असेलच."

गिल्हो म्हणाला, "हं."

बस, एवढंच. त्याने हातातला ब्रश माझ्या पाठीवरून फिरवला. मग पुन्हा फिरवला. कुरणावरच्या त्या खऱ्या बोरीचा पुढचा पाय उन्हाळ्यात दुखावला होता, तिच्यावर कुणी बसू शकत नव्हतं आणि जी घोडी पाठीवर पाहुणे घेत नाही तिचं कुरणावर काही काम नाही, हे मला त्यांच्या बोलण्यातून आधीच कळलं होतं. सोमवारी ती कुठे जाणार हे सांगायला नको. सोकचानची गाडी कत्तलखान्याकडे जाते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

आणि हा माणूस मला खरारा करत होता! अहो, मला कातडी नाही. मला खाज सुटत नाही. ती तिकडे डोंगरावरच्या वाऱ्यात तीन पायांवर उभी होती, तिला खाज सुटत होती, तिला भूक लागत होती. तिच्याकडे बघवत नाही म्हणून हा माझ्याकडे बघत बसला होता. माझं नाव बोरी का ठेवलं ते मला तेव्हा कळलं. मी त्याची लाडकी नव्हतेच. मी त्याची पळवाट होते. एवढा अपमान मला डायनामाइटशेजारीही वाटला नव्हता.

रविवारी दुपारी गिल्होला कुरणाच्या मालकाचा फोन आला आणि तो बोलायला बाहेर गेला. खुर्ची रिकामी दिसताच सोकचान तिच्यात बसला.

"ये गं दामी, तुला दाखवतो. उंचावरून टाकली की पाय कसा मोडतो बघ. हाडाचा आवाजसुद्धा खरा आहे."

"दुसऱ्याची घोडी आहे ती. ठेव तो माउस खाली."

"काही होत नाही, मागचं उघडता येतं." हे कोण म्हणालं? खरेपणाचा कैवारी!

त्याने मला टाच मारली. पुढे कडा आहे हे मला दिसत होतं. मी अडले, मागे सरले. तेवढं अडणं माझ्यात ठेवलंय, पण दुसऱ्यांदा टाच मारली की मला जावंच लागतं. मी गेले. टोपीवाला बाबा उडून बाजूला पडला आणि अंग झाडून उठला. मी उठले नाही.

माझा पुढचा पाय मोडला होता. पडद्यावर दोनच शब्द आले, एका कळीवर 'संपवा' आणि दुसऱ्या कळीवर 'सोडा'. आणि त्या सँडविचवाल्याने लिहून ठेवल्याप्रमाणे मी विव्हळू लागले.

नेमका गिल्हो आत आला. सामचुन गल्ल्यावरून उठून उभ्या राहिल्या.

"अरे, सकाळचं उघड ना," सोकचान गडबडीने म्हणाला. "होती तशी उभी राहील."

"का?" गिल्हो म्हणाला. "पाय मोडला. मेली म्हणजे मेली. तूच म्हणतोस ना? घे, कळ तुझ्यासमोर आहे. दाब."

सोकचानचा हात हलला नाही. मी विव्हळतच होते.

"आधी तो आवाज बंद कर," तो म्हणाला.

"का? तुझा तर रोजचाच आहे."

"मी पुढे बसतो रे," सोकचान म्हणाला. "इंजिन चालू असतं, रेडिओ लावलेला असतो. मागचं मला काही ऐकू येत नाही."

मग दामी गिल्होकडे वळली. "पाय मोडला की मारायचं, हे खेळात त्या कंपनीने ठरवलं. कुरणावर कुणी ठरवलं?"

"मालकाने."

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. आत्ताही फोनवर हो म्हणूनच आलोय."

"दादा, ती लंगडतेय. ती मेलेली नाही. तिला फक्त पाहुणे पाठीवर घेता येत नाहीत. मलाही नाही घेता येत. मला कुठल्या सोमवारी नेताय?"

सामचुन फस्सकन हसल्या आणि लगेच डोळ्यांना रुमाल लावला. गिल्हो हसला नाही. माझ्याकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. बघवत नव्हतं तरी बघत राहिला, आणि मला वाटलं, आता बघ, नीट बघ, एवढ्यासाठी तरी माझा पाय मोडलेला बरा.

कळ दाबली ती सोकचानने. 'संपवा' नव्हे. त्याने सकाळचं उघडलं. मी ओढ्याकाठी चारही पायांवर उभी राहिले.

गिल्होने तिकडे पाहिलंही नाही. खुर्चीवरचं जाकीट उचलून तो म्हणाला, "गाडी रिकामी आहे का?"

"सोमवारी ना तुमचं..."

"आत्ता. आईच्या गाजराच्या शेतात जुनी खोप आहे, तिथे न्यायचं तिला."

"आणि मालक?"

"त्याला वाटेत फोन करतो. तिचे पैसे माझ्या पगारातून काप म्हणतो. नाही म्हणाला तर त्याचे पाहुणे त्यानेच फिरवावेत." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "आणि हे बघ सोकचान, गाडीत मागे मी बसणार आहे."

सोकचानने अर्धा वाडगा तसाच टाकला आणि किल्ली घेऊन त्याच्या मागे धावला.

त्यानंतर गिल्हो इथे फिरकला नाही. त्याच्यामुळे खिडकीजवळचं हे यंत्र सामचुन कधी बंद करत नसत. पीसी-बांगमधली यंत्रं बंद केली की आतलं सगळं पुसून कोरी होतात. हे चालूच राहिलं म्हणून मी अजून आहे. माझ्या अंगावर चिखल वाळलाय. नियमाप्रमाणे मला भूक लागलीय, नियमाप्रमाणे माझी ताकद उतरत चाललीय. टोपीवाला बाबा शेजारी उभा आहे, अधूनमधून मान खाजवतो. मला खायला घालायचं त्याला सुचत नाही, कारण त्याला आपण होऊन काहीच सुचत नाही.

आज सकाळी सामचुन फडकं घेऊन आल्या. "किती दिवस अडवून ठेवू ही जागा? वीज का फुकट येते?" त्या दामीला म्हणाल्या. "त्याला विचार बाई एकदा. मग नंतर माझ्या नावाने खडे फोडेल."

दामीने फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. पलीकडे वारा घोंघावत होता, कुणीतरी कचाकच काहीतरी चावत होतं.

"दादा, यंत्र बंद करू का? बोरी जाईल सगळी."

"बोरी कुठे जाईल?" गिल्हो म्हणाला. "ही काय, माझ्यासमोर गाजरं खातेय. थांब, जरा ब्रश बाजूला ठेवतो. हं, काय म्हणत होतीस?"

दामीने सामचुनकडे पाहिलं आणि "काही नाही" म्हणून फोन ठेवला.

मला राग यायला हवा होता. ज्याच्यासाठी एवढी धावले, एवढ्यांदा मेले, त्याला माझी आठवणही राहिली नाही! आणि बाकी सगळ्यांवर मी अजून रागावलेलीच आहे, गैरसमज नसावा. घालायचे ते वाद घाला. माझ्या पापण्या खऱ्या वाटतात की नाही, मी किती दमायला हवं, सगळं ठरवा. पण माझ्यावर खरेपणा लादून मोकळे होऊ नका. तुमच्या दाराशी जो खरा पाय लंगडतोय त्याचा नियमही तुमच्यातल्याच कुणीतरी जेवता जेवता ठरवलाय, आणि त्याला 'हो' तुम्हीच म्हणालाय. तो आधी बदला.

सामचुनचा हात यंत्रामागच्या कळीवर आहे आणि दामी त्यांना थांबवू की नको अशी उभी आहे. नको गं थांबवू. सामचुन, करा बंद.