उमाजीला कळलं पाहिजे

साहेब, एकही वही न उघडता तुम्ही हुकूम काढलात. चहा प्यायलात, खुर्ची मागे सारलीत, घंटेपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे आठ्या घालून पाहिलंत आणि टांग्यात बसलात. वह्यांचा ढीग तुमच्या खुर्चीपासून हातभर लांब होता. तो हात तुम्ही लांबवला नाहीत, म्हणून ही गोष्ट सांगावी लागते आहे.

गोष्ट उमाजीची, सन छत्तीसची. जयेंद्रगंजातल्या मुलींच्या मिडल शाळेत तो चपराशी होता. घंटा वाजवायची, वर्गांतले काळे फळे पुसायचे, टपाल पोचवायचं. त्याचे बापजादे सरदारांच्या पागेत घोड्यांमागे राबलेले. लिहिण्याशी घराण्याचा संबंध अंगठा उमटवण्यापुरता. अशा माणसाला शालिनीताईंनी परीक्षक केलं.

शालिनीताई पाचवी ते सातवीला मराठी शिकवायच्या. उत्तरेतल्या त्या शहराच्या लष्कर भागातल्या मराठी मुली घरात अर्धं मराठी बोलत, उंबऱ्याबाहेर पाय पडला की सगळं हिंदी. वहीत मात्र तिसरीच भाषा, कुठून तरी उचललेली, कडक इस्त्रीची. ताईंनी छड्या मारल्या नाहीत. त्यांनी रीत घालून दिली. रोज पाच ओळी लिहायच्या, काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर. सकाळी वर्गात शिरण्याआधी त्या उमाजीला वाचून दाखवायच्या, शब्दाखाली बोट ठेवून. उमाजीने दोनच उत्तरं द्यायची, कळलं किंवा नाही कळलं. नाही म्हटलं तर पुन्हा लिहायचं. गुण नाहीत, शिक्षाही नाही.

हा मानच उमाजीला प्रथम जड गेला. आपण अडाणी, आपल्याला काय कळणार, असं तो ताईंना म्हणाला होता. ताई म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही. मोठ्या शब्दाला तुम्ही भुलणार नाही.

आणि तो भुलला नाही. राजलक्ष्मी सहावीतली, उपाध्यायांच्या घरची, पाठांतरात पहिली. पहिल्याच दिवशी तिने सुवर्णकिरणांनी न्हाऊन निघालेली पूर्व दिशा खणखणीत वाचली. उमाजीने मान हलवली.

"नाही कळलं. सूर्य माझ्याकडेही उगवला होता. तुमच्या घरी काय झालं ते सांगा, बाई."

राजलक्ष्मी रडली. चार दिवस तिने निरनिराळ्या दिशा आणल्या, चारही परत गेल्या. पाचव्या दिवशी धापा टाकत आली. "उमाजीकाका, जल्दी ऐका ना, देर होऊन राहिलीय," म्हणाली आणि वाचू लागली. आजोबांनी पानाचा डबा उघडला. पान लावलं नाही. डबा मिटला. परत उघडला. परगावच्या माझ्या काकांचं पत्र आजही आलं नव्हतं.

उमाजीने या वेळी मान डोलावली. मग म्हणाला, "कळलं. पत्र आलं की तेही लिहा."

त्या दिवसापासून मुलींना चटक लागली. कुणी किला गेटपाशी गाढव अडून बसलं ते आणलं, कुणी आईने भांडण झाल्यावर धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली ते. वाक्यात हिंदी शब्द आला तर ताई तो खोडत नसत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याचा मराठी सोबती आण म्हणत, आणि मग दोन्ही राहू देत. वर्षभरात त्या मुलींचं मराठी असं मोकळं झालं की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. मोठमोठ्या पगड्यांना जमलं नाही ते एका बाईने रोजच्या पाच ओळींत करून दाखवलं. हे मी ओरडून सांगायला तयार आहे.

आणखी एक गोष्ट झाली, ती ताईंनाही ठाऊक नव्हती. रोज तीस मुलींची बोटं शब्दांखालून सरकताना उमाजी पाहत होता. कानावर पडणारं आणि बोटाखालचं हळूहळू जुळत गेलं. एके दिवशी नई सडकेवरून जाताना आपण दुकानांच्या पाट्या वाचतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. तो तिथेच थांबला. मागच्या हातगाडीवाल्याने शिव्या दिल्या, त्याही त्याला गोड लागल्या. घरी गेल्यावर तो कोळशाने भिंतीवर अक्षरं गिरवू लागला.

मग साहेब, तुम्ही शाळा तपासायला आलात आणि गेलात. आठ दिवसांनी तुमच्या शाळाखात्याच्या कचेरीतून लखोटा आणायला उमाजीलाच पाठवलं. पाकीट उघडंच होतं. चपराशाला वाचता येत नाही, हे कचेरीत सगळ्यांना पक्कं माहीत. नई सडकेच्या वळणावर उभं राहून त्याने कागद वाचला. सदरहू शाळेतील भाषाविषयक दैनिक अभ्यासाची प्रचलित पद्धत शिस्तीस बाधक असल्याचे निदर्शनास आल्यावरून ती तत्काळ बंद समजावी.

 उपाध्यायांची मुलगी चपराशापुढे उभी आणि चपराशी मान हलवतो आहे, एवढंच तुम्ही पाहिलं होतंत. म्हणजे आपल्या पायी हे बुडणार. कागद खिशात राहू द्यावा, हरवला म्हणावं, असंही मनात आलं. पण टपाल त्याने आजवर कधी बुडवलं नव्हतं. त्याने तो नेऊन ताईंच्या हातात दिला.

ताईंनी वाचला. चेहरा उतरला. पोचेची सही करायला त्यांनी टाक उचलला, तेव्हा उमाजी म्हणाला, "ताई, मी वाचलाय तो."

ताईंनी मान वर केली. त्यांनी रोजच्या सकाळच्या आवाजात विचारलं, "मग? कळलं?"

"नाही कळलं."

टाक ताईंच्या हातात तसाच राहिला. पुढे काय करायचं असतं ते शाळेतली प्रत्येक मुलगी जाणत होती. नोकरी जाईल, हे ताईंनी त्याला स्पष्ट सांगितलं. उमाजी म्हणाला, घंटा कुणीही वाजवील. त्याने टाक मागून घेतला आणि त्याच कागदाच्या पाठीवर, वाकड्यातिकड्या अक्षरांत, आयुष्यातल्या पहिल्या पाच ओळी लिहिल्या. राजलक्ष्मीला बोलावून, शब्दाखाली बोट ठेवून वाचून दाखवल्या. ती म्हणाली, कळलं. मग उमाजीच्या या पाच ओळी घेऊन कागद परत कचेरीत गेला.

साहेब, आपला कागद मी तीनदा वाचला.
वह्या न पाहता ही पद्धत वाईट असं आपण कशावरून ठरवलं, ते त्यात नाही.
मुली माझ्यापुढे वाचतात हे खुपलं असेल तर तसं सरळ लिहावं.
आमच्या शाळेत न कळलेलं पुन्हा लिहावं लागतं, सहावीच्या मुलीलाही.
मी घंटेपाशी उभा आहे, उत्तर द्या.