गब्दूची थाळी

डॉक्टरांनी नरहरीला चार महिने सांगितले होते. मरणाची त्याला भीती नव्हती. बायको, सुशीला, गेल्यापासून घरात उरलंच काय होतं? फक्त तिचा म्हातारा कुत्रा, गब्दू. मुलगी पुण्याहून म्हणाली होती, "बाबा, फ्लॅटमध्ये कसं जमणार?" शेजारच्या साहूबाई तेवढ्या त्याला सांभाळायला हो म्हणाल्या. पण तीन दिवस झाले, गब्दू त्यांच्या हातचं काही खाईना.

"खा ले बेटा," म्हणत त्यांनी दूधपोळीची थाळी पुढे सरकवली. गब्दूने तोंड फिरवलं.

"अरे, खाय ना! मी गेल्यावर उपाशी मरशीन काय?" नरहरी ओरडला आणि ओरडता ओरडता रडायलाच लागला.

"भैया, भाभी क्या बोल के खिलाती थी?"

ते शब्द त्याने वर्षभर तोंडातून काढले नव्हते. "जेव रे पोट्ट्या," तो कसाबसा म्हणाला, "मले भांडे घासाचे हायेत."

साहूबाईंनी ते अडखळत म्हटलं. गब्दूने कान टवकारले. दोन घास खाल्ले आणि दाराकडे बघत तो सुशीलेची वाट पाहू लागला.

नरहरीने साहूबाईंपुढे हात जोडले. "और एक बार बोलो, दीदी. रोज बोलोगी ना?"