मियांची चाल

जेसिंताने टॅब साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि नवऱ्याच्या, आर्थरच्या, शर्टाचं वरचं बटण लावलं. दुपारी चार वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. खाली मात्र घरचीच हाफपँट.

तिकडे मुंबईत, एका सभागृहात, ‘सिल्व्हर मॅकरल्स’ या जुन्या रॉक बँडवरचा माहितीपट सुरू होता. इकडे मालवणात हे दोघं स्वयंपाकघरात बसून तोच बघत होते. संपल्यावर प्रेक्षक आर्थरला टॅबवरून दोन प्रश्न विचारणार होते. बाकी कोणाला विचारणार? नेव्हिल कॅनडात वारला, जेरी गेल्या वर्षी गेला. बँडमधला उरला हा एकटा.

बँडचं एकच गाणं खरं गाजलं, तेही त्याच्या सुरुवातीच्या गिटारमुळे. ती चाल आर्थरची. तबकडीवर नाव नेव्हिलचं. पन्नास वर्षं आर्थर बोलला नाही. दोस्तीत कोण कागद करतो? पण माहितीपट करणारी शर्मिला कॅमेरा घेऊन दारात आली, तेव्हा त्याला वाटलं, मरण्यापूर्वी एकदा खरं बोलून टाकावं. दोन दिवस आरशासमोर त्याने शुद्ध मराठीत तालीम केली होती.

पडद्यावर पोरं नाचून गेली, बेलबॉटम, झुलपं, मालवणच्या जेटीवरचा फोटो. मग आर्थर आला. तहसीलदारापुढे बोलावं तसा जपून बोलत होता. चालीचा विषय निघाला तशी तालीम गेली वाऱ्यावर आणि तो मालवणीवर आला.

“ती चाल मियां बांदलंय,” पडद्यावरचा आर्थर म्हणाला. “मियां. दुसऱ्या कोणी न्हय.”

खाली अक्षरं उमटली: ‘ती चाल मियाँने बांधली. मियाँने. दुसऱ्या कोणी नाही.’

“ह्यो मियाँ कोण रे?” जेसिंताने विचारलं, आणि मग तिचा हात तोंडावर गेला.

आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला म्हणतात, तेव्हा निदान मनात काही हेतू तरी होता. इथे नुसतं अज्ञान. पुढची वीस मिनिटं माहितीपट मियाँला शोधत फिरला. जुन्या वाद्यांची दुकानं झाली, दर्ग्यामागच्या गल्ल्या झाल्या. एका थकलेल्या सारंगियाने आठवत नाही म्हणून मान हलवली. शेवटी काळ्या पडद्यावर ओळ आली: ‘अज्ञात मियाँस अर्पण.’

टॅबवर आता सभागृह दिसत होतं. टाळ्या थांबेनात. लोक डोळे पुसत होते. आर्थरला आपल्याच बोलीची शरम वाटली, आणि रागही आला.

“आर्थर सर,” सर्वेश नावाच्या निवेदकाने हाक मारली, “मियाँबद्दल थोडं सांगा ना.”

“सांग तेंका!” जेसिंता कुजबुजली. “आताच सांग!”

आर्थर टॅबवर वाकला.

“मियां म्हणजे मी.”

“वा!” कोणीतरी ओरडलं. “क्या बात है!” पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. “मालवणीत मियां म्हणजे मी,” हे पुढचं वाक्य त्या गदारोळात बुडून गेलं.

एकट्या शर्मिलाने तेवढं ऐकलं. मंचावर कर्ण्याजवळच ती उभी होती. तिचं हसू विरलं. ओठांनी तिने तो शब्द एकदा जुळवून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माईक तिच्या हातात होता. आर्थर थांबला. ती बोलेल, आता बोलेल, म्हणून खुर्चीचा हात धरून बसला. शर्मिलाने मान खाली घातली.

“मित्राशी किती एकरूप!” सर्वेश म्हणाला. “सर, वेळ कमी आहे, शेवटचा प्रश्न. मियाँ आज कुठे असतील?”

आर्थर शर्मिलाकडेच बघत होता. दोन वर्षं ती या माहितीपटामागे राबली होती हे त्याला ठाऊक होतं. त्याचं काय गेलं हे आता तिलाही ठाऊक होतं.

“ते वारले,” तो शुद्ध मराठीत म्हणाला.

सभागृहात चुळबुळ झाली. सर्वेशने दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. खुर्च्या सरकल्या. तीनेकशे माणसं उठली. शर्मिलाही हात जोडून उभी होती, वर न बघता.

रडू आवरत जेसिंता टॅब बंद करायला पुढे झाली.

“ऱ्हवांदे गो,” आर्थर म्हणाला. “माज्यासाठी उभे आसत ते.”